खालाची पावती आणि अमळनेरचा शेअर

जळगावात आमच्या खालाच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात निकाहनामा आहे, खालूंच्या मृत्यूचा दाखला आहे, घराचा उतारा आहे आणि सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या मुदत ठेवीच्या तीन पावत्या आहेत. खालूंचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. रोज संध्याकाळी पिग्मी एजंट दुकानावर यायचा, खालू पन्नास-शंभर रुपये त्याच्या हातावर ठेवायचे. खालू गेल्यावर दुकान विकले. त्याचे पैसे आणि पिग्मीत साठलेली रक्कम खालाने त्याच पतसंस्थेत ठेवली. तिला हजला जायचे होते.

त्या ठेवीचा फॉर्म आम्हीच भरला होता. खालाला उर्दू वाचता येते, मराठी येत नाही. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, बी.एड. झालेले, घराण्यातले ‘पढे-लिखे’. फॉर्म भरताना आम्ही नाव, पत्ता, रक्कम लिहिली आणि जिथे अंगठा किंवा सही हवी तिथे बोट ठेवले. बारीक अक्षरातला मजकूर वाचला नाही. एजंट ओळखीचा होता, मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचा पैसा तिथेच होता, आणि परताव्याला तो ‘व्याज’ न म्हणता ‘नफा’ म्हणायचा. एवढे आम्हाला पुरले.

दीड वर्षाने पतसंस्थेचे शटर अर्धे खाली आले आणि नंतर पूर्ण. खालाला आजवर मिळाली ती मूळ रकमेची एक लहानशी फोड. हजचा फॉर्म भरलाच गेला नाही. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. पण त्या पावत्यांवरचे आमचे अक्षर आम्हाला ओळखता येते.

हा लेख त्या अक्षराची परतफेड म्हणून लिहीत आहोत. आम्ही गुंतवणूक सल्लागार नाही, कोणाचे एजंट तर अजिबात नाही. गेली काही वर्षे जे वाचले, विचारले आणि आमच्या धुळ्याच्या घरात करून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

बँक आणि पतसंस्था

आमची पहिली चूक साधी होती. त्या फॉर्मवर वरच्या बाजूला ‘सभासद क्रमांक’ असा रकाना होता. बँकेच्या ठेवीला सभासद व्हावे लागत नाही. पतसंस्था ही सभासदांची संस्था असते. ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते. बँक, मग ती राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो वा सहकारी, बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. त्याआधी ती १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्हीकडे असतो, म्हणून सामान्य माणूस फसतो.

खानदेशात हे नवे सांगायला नको. जळगावात मुख्यालय असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी ही बहुराज्य पतसंस्था, जिला लोक बीएचआर म्हणतात, तिच्या ठेवी २०१४-१५ च्या सुमारास परत मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्रात आणि बाहेर तिच्या शाखा होत्या. पुढे तिच्यावर अवसायक नेमला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे टाकले, तेव्हा आणखी एक आरोप पुढे आला: हताश ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलाने घेऊन त्या मोठ्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्या गेल्या. म्हणजे घाबरलेला म्हातारा माणूस लाखाची पावती थोडक्या पैशात विकून मोकळा झाला आणि तीच पावती दुसऱ्याच्या कर्जात पूर्ण किमतीने लागली, असा तो आरोप.

सगळ्या पतसंस्था वाईट असतात, असे आम्ही म्हणत नाही. अडल्या वेळी अनेक शिक्षकांना त्यांच्या पतपेढीनेच हात दिला आहे. पण आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी, तीही विमा नसलेल्या ठिकाणी ठेवणे ही गोष्ट वेगळी.

‘हलाल’ शब्दाचा गल्ला

दुसरी चूक शब्दाची. ‘नफा’ म्हटले की आपले समाधान होते. व्याज टाळण्याची आपली तळमळ खरी असते आणि ठगांना ती चांगली ठाऊक असते.

बंगळुरूच्या ‘आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी’, म्हणजेच आयएमएचे प्रकरण जून २०१९ मध्ये फुटले. सोन्याच्या व्यापारातला नफा वाटतो, व्याज देत नाही, असे सांगून या कंपनीने हजारो कुटुंबांकडून पैसे घेतले होते. त्यातली बहुतेक मुस्लिम होती. त्याआधी २०१८ मध्ये हैदराबादच्या हिरा ग्रुपचे प्रकरण पुढे आले. तिथे वर्षाला ३६ टक्क्यांपर्यंत परताव्याचे आमिष होते, असे तक्रारींत म्हटले आहे. कित्येकांनी मुलीच्या लग्नाचे, कित्येकींनी मेहेरचे पैसे त्यात घातले होते.

इथे थोडे थांबून विचार करू. शरीअतमध्ये मुदारबत आणि मुशारकत यांचा पायाच हा की नफ्याबरोबर तोट्याचाही वाटा घ्यायचा. मग जो माणूस दरमहा ठरलेली रक्कम देण्याची हमी देतो आणि तोटा कधीच होणार नाही म्हणतो, त्याच्या व्यवहारात भागीदारी उरली कुठे? ठरलेला आणि खात्रीचा ‘नफा’ हीच धोक्याची पहिली खूण. धंदा कोणता, वह्या कोण तपासतो, तोटा झाला तर काय, हे तीन प्रश्न विचारले असते तर बरीच घरे वाचली असती.

अमळनेरची गोष्ट

आता त्याच जळगाव जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. धुळ्याहून जळगावला जाताना पारोळ्यापासून उत्तरेला वळले की अमळनेर लागते. साने गुरुजींनी जिथे शिक्षक म्हणून काम केले, ते हे गाव. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. खानदेशातल्या भुईमुगाचे तेल काढायचे आणि वनस्पती तूप बनवायचे, असा धंदा. कपडे धुण्याचा ‘७८७’ साबणही इथलाच. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण अर्धवट सोडून परत आले. याच कंपनीचे पुढे विप्रो झाले. तेलाच्या घाण्यापासून निघालेली कंपनी संगणकात शिरली आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, कंपनी सुरू झाली तेव्हा अमळनेरच्या व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी तिचे शेअर घेतले. त्यातल्या अनेकांनी ते विकले नाहीत, पुढच्या पिढीला दिले. आज त्या गावात विप्रोचे शेअर बाळगणारी घरे भरपूर आहेत आणि त्यातली काही साध्या राहणीतली कोट्यधीश आहेत.

हे कसे घडले, त्याचा हिशेब मुलांना गणिताच्या तासाला घालावा असा आहे. १९९७ च्या बोनसआधी कोणाकडे विप्रोचे १०० शेअर होते असे धरा. १९९७ मध्ये एकास दोन बोनस मिळाले, झाले ३००. १९९९ मध्ये एका शेअरचे पाच भाग झाले, १,५००. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन बोनस, ४,५००. २००५ मध्ये एकास एक, ९,०००. २०१० मध्ये तिनास दोन, १५,०००. २०१७ मध्ये एकास एक, ३०,०००. २०१९ मध्ये तिनास एक, ४०,०००. २०२४ मध्ये एकास एक, ८०,०००. मधल्या वर्षांचा लाभांश वेगळा.

बोनसने संपत्ती आपोआप वाढत नाही, हेही मुलांना सांगायला हवे. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. शेअरची संख्या वाढते तेव्हा भाव त्या प्रमाणात खाली येतो. खरी वाढ कंपनीच्या धंद्यात झाली आणि ती पन्नास-साठ वर्षे झाली. अमळनेरच्या माणसांनी ती होऊ दिली, मधेच तोडून खाल्ली नाही.

खालाच्या पावतीत आणि अमळनेरच्या शेअरमध्ये काय फरक होता? पावती म्हणजे संस्थेला दिलेली उसनवारी होती. संस्था ते पैसे कोणाला देते, हे खालाला कळण्याचा मार्ग नव्हता. शेअर म्हणजे कारखान्यातला हिस्सा होता. कारखान्याचा हिशेब दरवर्षी छापून येत होता. आणि गावाला धुराडे डोळ्यांनी दिसत होते.

या गोष्टीतून काय शिकू नये

अमळनेरची गोष्ट सांगितली की शिक्षक कक्षात कोणीतरी लगेच विचारते, “मग सर, आता कोणता शेअर घेऊ?” तिथेच गोष्ट हातची जाते.

एक विप्रो झाली, पण त्या काळात निघालेल्या कित्येक कंपन्यांचे नावही उरले नाही. जळगावची खानदेश मिल एके काळी शहराचा अभिमान होती. तिचा भोंगा केव्हाच बंद झाला. विप्रोमध्येही सगळ्यांचे सोने झाले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये तिचा भाव आभाळाला टेकला होता. पुढच्या दीड वर्षात तो कोसळला. शिखरावर उडी मारून घेणाऱ्यांना फार वर्षे वाट पाहावी लागली. म्हणून एका घोड्यावर सगळे लावायचे नाही, आणि ज्याची तीन-चार वर्षांत गरज पडेल असा पैसा शेअरमध्ये घालायचाच नाही.

आणखी एक इशारा आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी. मोबाईलवर फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करून रोज कमवा, असे सांगणारे व्हिडिओ ते आम्हाला पाठवतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाल्याचे आढळले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. याला जुगार म्हणायला मुफ्तीसाहेबांकडे जाण्याचीही गरज पडू नये.

आमच्या घरात आम्ही काय केले

आमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची. म्हणजे जुन्या पेन्शनचा आधार नाही. म्हातारपणाची तजवीज आपली आपणच करायची, हे खालाच्या पेटीने शिकवले होतेच. मग एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून वहीत पाच गोष्टी लिहिल्या.

पहिली, कर्ज. हप्त्यावर घेतलेली दुचाकी, दुकानाची उधारी, आधी ते संपवले. व्याज घेणे टाळायचे आणि व्याज भरत राहायचे, यात काही अर्थ नाही.

दुसरी, अडीअडचणीचा पैसा. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेच्या बचत खात्यात. त्यावर पडणाऱ्या व्याजाचे आम्ही मुफ्तीसाहेबांना विचारले. त्यांनी ती रक्कम वेगळी काढून, सवाबची नियत न ठेवता गरजूला देण्यास सांगितले. आता दर मार्चअखेरीस पासबुक पाहून ती रक्कम वेगळी होते.

तिसरी, भिशी. आमच्या घरातून बारा जणींची भिशी चालते, महिना हजार रुपये. ज्या भिशीत बोली लावून कमी रकमेत उचल घेतात ती आम्ही टाळतो, कारण तो व्याजाचाच दुसरा दरवाजा. आमची भिशी चिठ्ठीची. आता तिची वही आहे आणि प्रत्येकीची सही आहे. ओळखीत कशाला लिहायचे, असे सुरुवातीला वाटले होते. पण सूरह अल-बकराची २८२ वी आयत, कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, लहान व्यवहारही लिहायचा कंटाळा करू नये. तिच्यात लिहिणाऱ्याची जबाबदारी वाचताना आम्हाला खालाचा फॉर्म आठवतो.

चौथी, सोने. आपले जळगाव सोन्याचे गाव, त्यामुळे मोह मोठा. सोने अडचणीला उपयोगी पडते यात शंका नाही. पण दागिन्यावर घडणावळ जाते, ३ टक्के जीएसटी जातो आणि मोडताना घट धरली जाते. बचत म्हणून घ्यायचे तर नाणे किंवा वेढणी बरी. हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक पाहून, पक्क्या बिलावर. साडेसात तोळे सोने हा जकातीचा निसाब आणि वर्षाला अडीच टक्के जकात, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. पडून राहिलेली संपत्ती जकातीने आणि महागाईने हळूहळू झिजते. म्हणून ती कामाला लावावी, असे आमचे वडील सांगायचे.

पाचवी, धंद्यातला हिस्सा. कोणती कंपनी चांगली हे ओळखण्याची आमची कुवत नाही. म्युच्युअल फंड अनेकांचे थोडे थोडे पैसे एकत्र करून अनेक कंपन्यांत घालतो. त्यातही शरीअतच्या कसोटीवर चालणारे काही फंड भारतात आहेत. टाटा एथिकल फंड आणि निफ्टी ५० शरीआ निर्देशांकावर चालणारा ‘शरीआ बीज’ ही दोन नावे उदाहरणादाखल. त्यातून बँका, दारू, तंबाखू, जुगार, आणि कर्जात फार बुडालेल्या कंपन्या वगळल्या जातात. कसोट्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे. आम्ही विचारून दरमहा हजार रुपयांपासून सुरुवात केली.

दरमहा हजार म्हणजे वीस वर्षांत २ लाख ४० हजार. सरासरी वर्षाला १० टक्के वाढ मिळाली असे धरले तर साधारण साडेसात लाख होतात. ६ टक्के धरली तर साडेचार लाखांच्या थोडे वर. हे धरलेले आकडे आहेत, हमी नव्हे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने सेन्सेक्स दोन महिन्यांत ४२ हजारांच्या आसपासवरून २६ हजारांच्या खाली आला होता. अशा वेळी छातीत धस्स होते. ज्याच्याकडे दुसऱ्या क्रमांकाचा, अडीअडचणीचा पैसा बाजूला आहे, तोच त्या वेळी शांत राहू शकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

यंत्रमागावर आठवड्याचा पगार घेणारे पालक विचारतात, “सर, हे आमच्यासाठी आहे का?” आहे, पण पहिल्या गोष्टीपासून. उधारी संपवणे हीच त्यांची सर्वांत मोठी गुंतवणूक. त्यानंतर महिन्याला ५०० रुपयांनीही सुरुवात होते.

सही करण्यापूर्वी

कोणतीही योजना समोर आली की आमच्या घरात आता हे प्रश्न मोठ्याने विचारले जातात. पैसे नक्की कोण घेणार आणि त्यावर देखरेख कोणाची, रिझर्व्ह बँकेची, सेबीची की कोणाचीच नाही? धंदा कोणता, आणि तोटा झाला तर कोणाचा? पैसे परत कधी आणि कसे मिळतात? सांगणाऱ्याला यात दलाली किती? आज सही केली नाही तर काय बिघडेल? शेवटच्या प्रश्नाला घाईचे उत्तर आले की आम्ही चहा देऊन निरोप देतो. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येते, तक्रारही करता येते. नोंदणी नसलेल्या ठेव योजनांना २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

आणखी एक काम राहून जाते. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा आणि घरात सांगा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कंपनीच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. नॉमिनीकडे पैसा अमानत म्हणून येतो. वाटणी वारसांच्या हक्काप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे मीरासच्या नियमाने, बहिणींच्या हिश्श्यासह. आणि ज्यांच्या पेट्यांत आजोबांच्या काळची कागदी शेअर प्रमाणपत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, आयईपीएफकडे जातात. पण वारसाला कागदपत्रे देऊन ते परत मागता येतात.

उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. गाठ नीट बसली आहे का, हे पाहणे आपल्याकडून राहून जाते.

मागच्या सुट्टीत जळगावला गेलो तेव्हा खालाने पुन्हा पेटी काढली. नातीच्या नावाने बँकेत खाते उघडायचे होते. फॉर्म आमच्या हातात दिला आणि म्हणाली, “बेटा, अब के पूरा पढ़ के सुना, नीचे का बारीक भी.” आम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, उर्दूत समजावून सांगितले. अर्धा तास लागला. मग तिने सही केली.

वाचकांनी या महिन्यात एवढे करावे. घरातली पेटी उघडावी, प्रत्येक कागद मोठ्याने वाचावा, आणि जो कळणार नाही तो कळेपर्यंत बाजूला ठेवावा. अल्लाह सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो.